लिंबागणेश : एका नावाचा पदच्छेद

१/
‘ध’चा ‘मा’ ही गोष्ट मराठी घरातील प्रत्येकाने केव्हातरी ऐकलेली असते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले याची आख्यायिका मागे उरली. आख्यायिकेतील खरेखोटे बाजूला ठेवले तरी तिने एक समज घट्ट रुजवला : कागदाचा अर्थ पालटायचा तर अक्षर बदलावे लागते. प्रत्यक्षात तेवढ्याचीही गरज नसते. एकही अक्षर न बदलता, शब्द कोठे तोडला एवढ्यावरून अर्थ पालटू शकतो. हा धागा त्या तोडीविषयी आहे. आणि साक्षीला घेतले आहे बीड तालुक्यातील एका गावाचे नाव.

२/
लिंबागणेश. नावातच गणपती आहे आणि गावात गणपतीचे देवस्थान आहे. हे नाव सावकाश उच्चारून पाहावे : लिम्-बा-ग-णेश्. चार अवयव. लिहिताना शेवटचा ‘श’ पूर्ण लिहिला जातो, उच्चारात मात्र त्यातील ‘अ’ लोपतो. मराठीत हे नित्याचे आहे. घर, दगड, पाऊस, राजवाड्यातील ‘राज’ या सर्वांच्या शेवटी लिहिलेला ‘अ’ तोंडात उरत नाही. प्रश्न शेवटच्या ‘श’चा नाही. प्रश्न मधल्या ‘ग’चा आहे.

३/
मराठीत शब्दाच्या मध्ये आलेला ‘अ’देखील पुष्कळदा गळतो. ‘लागणे’ असे लिहितात आणि ‘लाग्‌-णे’ असे म्हणतात. ‘मागणी’ ही ‘माग्‌-णी’ होते, ‘सांगणे’ हे ‘सांग्‌-णे’ होते. अलीकडे स्वर, पलीकडे स्वरयुक्त व्यंजन आणि मध्ये एकटा ‘ग’ अशी जागा असली की त्यातील ‘अ’ निघून जातो. आता ‘लिंबागणेश’मधील ‘बा-ग-णे’ पाहावे. मांडणी तीच, अक्षरेही जवळजवळ तीच. नियम सरळ लावला तर उच्चार ‘लिंबाग्‌णेश’ व्हायला हवा. परंतु नाव नीट उच्चारणारा कोणीही तसे म्हणत नाही.

४/
याचे कारण व्याकरणात आहे. हे नाव सामासिक आहे. ‘ग’ हा ‘लिंबाग’ या तुकड्याचा शेवट नसून ‘गणेश’ या पदाचा आरंभ आहे, आणि पदाच्या आरंभीचा ‘अ’ मराठी सोडत नाही. ‘श्रीगणेशा’ म्हणतानाही तेच घडते. ‘श्रीग्‌-णेशा’ असे कोणाच्या तोंडून निघत नाही. दोन पदे कितीही घट्ट जोडून लिहिली तरी त्यांच्यामधील उंबरठा जिभेला जाणवत राहतो. डोळ्यांना न दिसणारी सीमा कानांना ऐकू येते.

५/
हे अधिक स्पष्ट करणारी एक जोडी आहे. ‘जीनगर’ म्हणजे घोड्याचे जीन तयार करणारे कारागीर. फारसीतील ‘जीन’ला ‘गर’ हा प्रत्यय लागला. सौदागर आणि जादूगर यांतला तोच ‘गर’. उच्चार : जीन्‌-गर्‌. आता ‘संभाजीनगर’ या नावाची शेवटची चार अक्षरे पाहावीत. तीही ‘जीनगर’च आहेत. पण उच्चार होतो जी-न-गर्‌. लेखनात काडीचा फरक नाही. फरक आहे तो पद कोठे संपले याचा. पहिल्यात ‘जीन’ संपून ‘गर’ येतो, दुसऱ्यात ‘संभाजी’ संपून ‘नगर’ येते.

६/
हा खेळ केवळ मराठीचा नाही. डच भाषा सामासिक नामे सलग लिहिण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात ‘क्वार्टस्लागन’ असा एक शब्द आहे. तो ‘क्वार्ट + स्लागन’ असा तोडला तर अर्थ होतो ‘पाव फेरे’. ‘क्वार्ट्स + लागन’ असा तोडला तर ‘गारगोटीचे थर’. एक ‘स्’ अलीकडच्या घरात राहिला की पलीकडच्या, यावर सर्व अवलंबून. आपल्या साहित्यशास्त्राने या प्रकाराला सभंग श्लेष असे नाव फार पूर्वी देऊन ठेवले आहे. ‘कमलाकर’ म्हणजे कमल + आकर घेतल्यास कमळांचा तलाव आणि कमला + कर घेतल्यास लक्ष्मीचा हात. काव्यात ही चमत्कृती ठरते. दफ्तरात मात्र ती अडचण होते.

७/
पदांची सीमा दाखवण्याची प्रत्येक भाषेची आपली रीत असते. डचमध्ये सामासिक नामाचा मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर पडतो आणि त्यावरून पुढचे सर्व एकच नाम आहे हे ऐकणाऱ्याला कळते. इंग्रजीत ‘ब्लॅकबर्ड’ हा विशिष्ट पक्षी आणि ‘ब्लॅक बर्ड’ म्हणजे कोणताही काळा पक्षी, हा भेद आघातानेच कळतो. मराठीत आघात असतो, पण तो सौम्य असतो. त्याच्या जागेवरून शब्दाचा अर्थ बदलत नाही. तो साधारणपणे जड अवयवांकडे झुकतो. ‘लिंबागणेश’मध्ये लिम्, बा आणि णेश् हे तिन्ही जड आहेत, ‘ग’ तेवढा हलका. दोन जड अवयवांत सापडलेला हा हलका ‘ग’ एरवी चिरडला गेला असता. पदाच्या आरंभी असल्यामुळे तो वाचला.

८/
आघाताकडून न होणारे काम मराठीने ऱ्हस्वदीर्घाकडून करून घेतले. ‘मीठ’ची वेलांटी दीर्घ, विभक्ती लागली की ‘मिठाचा’ अशी ती ऱ्हस्व होते. पण ‘मीठभाकर’ या समासात ती दीर्घच राहते, कारण तेथे ‘मीठ’ हे पद अखंड आहे. ‘दुधाचा’ आणि ‘दूधभात’ यांतही हेच. तत्सम शब्दांत चाल उलटी दिसते : एकटा ‘कवी’ दीर्घ, समासात ‘कविवर्य’ ऱ्हस्व, एकटा ‘विद्यार्थी’ दीर्घ, पण ‘विद्यार्थिमंडळ’ ऱ्हस्व. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांतील हे भाग शाळेत जाचक वाटतात. परंतु त्यांच्यामुळे बाळबोध लेखनात समासाचा सांधा डोळ्यांना दिसतो, ही त्यांची मोठी सोय आहे.

९/
मोडीत ही सोय नाही. मोडी लिहिणारा आधी पानावर आडवी रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे लटकवत जातो. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, लेखणी शक्यतो उचलायची नाही. वेलांटी एकच, उकारही एकच. म्हणजे ‘मीठ’ आणि ‘मिठ’ यांतला भेद कागदावर उतरतच नाही, आणि एक पद संपून दुसरे कोठे सुरू झाले याची खूणही नसते. वेगाने लिहिण्यासाठी घडलेल्या या लिपीत पदच्छेद करण्याचे सगळे काम वाचणाऱ्यावर सोपवलेले आहे. तत्कालीन कारकुनाला ते जड गेले नाही, कारण नावे, गावे आणि वाक्यांची वळणे त्याच्या रोजच्या परिचयाची होती. आजच्या वाचकाला तो परिचय नव्याने मिळवावा लागतो.

१०/
एक सोपे उदाहरण पुरे आहे. ‘तो शेतकरी’ ही अक्षरे मोडीत सलग आली असे समजावे. ‘शेतकरी’ हे एक पद घेतले तर तो मनुष्य शेतकरी आहे, म्हणजे ती त्याची ओळख झाली. ‘शेत करी’ अशी दोन पदे घेतली तर तो शेत करीत असे, म्हणजे एक जुनी वहिवाट सांगितली गेली. ‘करी’ हे भूतकाळातील रीत दाखवणारे जुने रूप. एकात माणसाचे वर्णन आहे, दुसऱ्यात जमिनीवरील त्याच्या कसण्याची नोंद आहे. जमिनीच्या वादात या दोहोंचे वजन सारखे नसते. पुढेमागे कोणते शब्द आहेत हे पाहूनच निर्णय करावा लागतो आणि तो निर्णय वाचणाऱ्याचा असतो.

११/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. या थोर कामामुळे मोडीतील हजारो कागद बाळबोधीत वाचता येऊ लागले. पण छापील पानावर दोन शब्दांत दिसणारी मोकळी जागा मूळ कागदात नव्हती. ती संपादकाने घातली. बहुतेक ठिकाणी ती अचूक असते, कारण घालणारे त्या भाषेत मुरलेले होते. तरीही छापील साधनातील प्रत्येक मोकळी जागा हे एका विद्वानाचे मत आहे, हे ध्यानात ठेवून वाचणे वेगळे आणि तो मूळ पुरावाच आहे असे मानून वाचणे वेगळे.

१२/
आता पुन्हा त्या नावाकडे. संस्कृत ‘निम्ब’ मराठीत ‘लिंब’ झाला. आरंभीच्या ‘न’चा ‘ल’ होणे मराठीला नवे नाही. ‘नवनीत’पासून ‘लोणी’ याच वाटेने आले. मराठवाड्यात आणि इतरत्रही या झाडाने गावांना उदंड नावे दिली आहेत. नांदेडजवळ लिंबगाव आहे. बारामोटेच्या विहिरीसाठी प्रसिद्ध असलेले साताऱ्याजवळचे गाव तर नुसते ‘लिंब’ आहे. म्हणून ‘लिंबागणेश’मध्ये झाड आहे असे वाटणे स्वाभाविक होय. पण मग ‘लिंब’चे ‘लिंबा’ कशामुळे झाले?

१३/
व्याकरण येथे दोन वाटा दाखवते. पहिली वाट : ‘लिंबा’ हे ‘लिंब’चे सामान्यरूप आहे. लिंबाचा, लिंबाखाली, लिंबापाशी. त्यातील मागचा भाग गळून ‘लिंबागणेश’ उरले. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. तसाच हाही मधले पद लोपलेला समास. दुसरी वाट : ‘लिंबा’ हे स्वतंत्र विशेषनाम आहे. ते गावाचे असू शकते, माणसाचेही असू शकते. लिंबाजी हे नाव मराठवाड्यात परके नाही. पहिल्या वाटेने गेल्यास नाव देवाचे आहे आणि गावाने ते घेतले. दुसऱ्या वाटेने गेल्यास गावाच्या किंवा माणसाच्या नावापुढे देवाचे नाव येऊन बसले. उच्चार दोन्ही वाटांनी एकच राहतो. इतिहास मात्र दोन होतात.

१४/
दुसरी वाट कल्पित वाटू नये, कारण शेजारीच तिचे दाखले आहेत. परळी वैजनाथ आणि औंढा नागनाथ या नावांत आधी गाव येते आणि मागून देव. देवाऐवजी दुसरी खूणही चालते. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ. शिरूर अनेक असल्यामुळे कोणते ते सांगण्यासाठी दुसरे पद आले. ६ मार्च १७२८ रोजी पहिले बाजीराव आणि निजाम यांच्यात झालेला तह ‘मुंगी शेवगावचा तह’ म्हणून ओळखला जातो. मुंगी हे लहान गाव, शेवगाव ही त्याची ओळख पटवणारी शेजारची मोठी वस्ती. या नावांत दोन पदे सुटी लिहिण्याची चाल पडली, तर अंबाजोगाई आणि लिंबागणेश येथे ती जोडून लिहिण्याची. सुटे की जोडून हे मुख्यतः लेखनाच्या सवयीने ठरले.

१५/
सवयी दर राजवटीबरोबर बदलल्या. बीडचा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि तेथे १८८४ च्या सुमारास सरकारी कामकाजात फारसीची जागा उर्दूने घेतली. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि ‘ण’साठी स्वतंत्र अक्षर नाही. ‘लिंबा’ लिहायचे तर लाम, मीम, बे आणि अलिफ ही चार अक्षरे येतात. उर्दूतील ‘लंबा’ हा रोजचा शब्दही याच चार अक्षरांनी लिहितात. शिवाय अलिफ पुढच्या अक्षराला जोडला जात नाही. त्यामुळे ‘लिंबा’नंतर आपोआप एक फट पडते आणि ती शब्दाची सीमा आहे की अक्षराचा स्वभाव, हे नुसत्या दृष्टीला कळत नाही. गाव ठाऊक नसलेला वाचक या नावाचा ‘लंबा गनेश’ असा उच्चार करू शकतो आणि लिपीच्या दृष्टीने त्याची चूक काढता येत नाही.

१६/
रोमन लिपीने तिसरा गोंधळ घातला. ‘अ’ आणि ‘आ’ यांना एकच अक्षर, ‘न’ आणि ‘ण’ यांनाही एकच. विल्यम हंटर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत दीर्घ स्वरावर रेघ देण्याची तरतूद होती. रोजच्या नकाशांत आणि पाट्यांवर ती रेघ टिकली नाही. परिणामी रोमन अक्षरांतील या नावात परक्या वाचकाला सर्वांत आधी ‘बॅग’ हा इंग्रजी शब्द दिसतो आणि तो ‘लिम्-बॅग-नेश’ अशी तोड करतो. गणपतीच्या नावाचे पहिले अक्षर अशा रीतीने पिशवीत जाऊन पडते. दोन सुटे शब्द आणि एक सलग शब्द अशा दोन्ही तऱ्हांनी हे नाव आज लिहिलेले आढळते.

१७/
परक्या कानाने नावे टिपण्याची ही परंपरा जुनी आहे. वलंदाजांनी, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीने, १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास वखार घातली. तेथून गेलेली पत्रे शिवकालाच्या अभ्यासात महत्त्वाचे साधन ठरली आहेत. त्यांत वेंगुर्ल्याचे ‘विंगुर्ला’ होते आणि माणसांची व किल्ल्यांची नावे डच कारकुनाला जशी ऐकू आली तशी उतरतात. ज्या भाषेत आघात पहिल्या पदावर ठामपणे पडतो, ती बोलणारा मनुष्य मराठी नाव ऐकतानाही तोच ठेका शोधणार. मूळ नाव ओळखण्यासाठी अभ्यासकाला मराठीइतकाच त्या कारकुनाचा कानही समजून घ्यावा लागतो.

१८/
या सर्वांचे आज काय, असा प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींमध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या नोंदींत मोडी होती, उर्दू होती. ज्या लिप्या अभ्यासवर्गांपुरत्या उरल्या आहेत असे वाटत होते, त्यांच्या जाणकारांची तहसील कार्यालयांना एकाएकी गरज भासू लागली. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो, एका कुटुंबाच्या पुढील पिढीचा कागद पणजोबाच्या नावाच्या वाचनावर अवलंबून राहिला, ही गोष्ट निर्विवाद आहे. नाव जुळले पाहिजे, गाव जुळले पाहिजे आणि दोन्हींची तोडही जुळली पाहिजे.

१९/
येथे संगणकाने नवी अट घातली. माणसाला ‘लिंबागणेश’ आणि ‘लिंबा गणेश’ एकच वाटतात. शोधयंत्राला ती दोन भिन्न नावे असू शकतात, कारण त्याच्या लेखी मोकळी जागा हेही एक अक्षरच आहे. सूचीत नाव एका तऱ्हेने चढवले आणि शोधणाऱ्याने ते दुसऱ्या तऱ्हेने टंकले, तर नोंद जागेवर असूनही ‘आढळली नाही’ असे उत्तर येते. मोडीच्या कारकुनाने जी मोकळी जागा कधीच सोडली नव्हती, तिच्या अभावी किंवा अस्तित्वामुळे त्याच कारकुनाने लिहिलेला कागद आज हरवू शकतो. म्हणून जुन्या नोंदींची सूची करणाऱ्याने जोडून आणि सुटे अशी दोन्ही रूपे नोंदवणे हा काटेकोरपणाचा अतिरेक नसून किमान कर्तव्य आहे.

२०/
उच्चाराची बाजूही सुटलेली नाही. लिहिलेला मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रांपुढे मराठीतील आणि हिंदीतील हा लुप्त होणारा ‘अ’ प्रथमपासून मोठी अडचण म्हणून उभा आहे. यंत्राला समासाची सीमा शिकवली नसेल तर ते ‘लागणे’चा नियम ‘लिंबागणेश’लाही लावेल. शिक्षणासाठी पुण्यामुंबईला गेलेल्या तरुणाच्या गावाचे नाव आधी रोमन अक्षरांत जाते, मग यंत्राच्या तोंडून येते, आणि पुष्कळदा तो स्वतःच दुरुस्ती करण्याचा कंटाळा करून तेच रूप स्वीकारतो. बोलीतील रूपे बदलतात, यात दोष नाही; ‘कुळकरणी’चे ‘कुलकर्णी’ असेच झाले आणि तेथे लेखन उच्चारामागे गेले. फरक एवढाच, की तो बदल बोलणाऱ्यांनी केला होता.

२१/
गावाच्या नावात जुनी भाषा, देव, झाड, शेजार आणि राजवट एकत्र साठलेली असतात, आणि तो साठा उघडण्याची पहिली पायरी म्हणजे नाव योग्य ठिकाणी तोडणे. प्रत्येक वाचकाला हे आपल्या गावापुरते करता येईल. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला गावाचे नाव सहज बोलताना ऐकावे आणि कोणता ‘अ’ राहतो, कोणता गळतो ते टिपावे. मग सातबारा, जुने खरेदीखत, शाळेचा दाखला आणि रस्त्यावरची पाटी यांवर तेच नाव कसे लिहिले आहे ते पाहावे. जोडून आहे की सुटे, वेलांटी कोणती, मोडी किंवा उर्दू कागद असल्यास त्यात काय दिसते, हे तारखेसह नोंदवून ठेवावे. मोडी शिकण्याचा विचार असणाऱ्यांनी पहिल्या सरावासाठी पेशव्यांच्या पत्रांऐवजी आपल्याच गावाचा एखादा कागद निवडावा. तेथील नावे कानाला आधीच ठाऊक असल्यामुळे शब्द कोठे तोडावा हे हाताला लवकर उमजते.